वळणावर कोण उभं राहणार

उमरगा
१४ जानेवारी २०२६

गुरुअण्णा,

नमस्कार. आज संक्रांत. तिळगूळ पोस्टानं पाठवत नाही, वाटेत त्याचा चुरा होतो. आणि "गोड बोल" असंही म्हणत नाही, कारण या पत्रात मीच गोड बोलणार नाहीये.

काल शंतनूचा फोन आला होता. तुझा मुलगा तुझ्यासारखा नाही, त्याला हुकूम सोडता येत नाही. अडखळत म्हणाला, "आत्या, बाबा म्हणतायत, आजोबांचा तो मोटारींचा ट्रॅक बांधून ठेव. टेम्पो पाठवतो. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मुलांसाठी लावायचाय." मी विचारलं, तुझ्या बाबांचं बोट दुखतंय का फोन लावायला? तर तो सोसायटीचं सांगायला लागला. तू सोसायटीचा चेअरमन झालास हे मला त्याच्याकडून कळलं. अभिनंदन.

फोनवर तू "बरं, ठेव आता" म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. फाडता येतं. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तर ऐक. ट्रॅक मिळणार नाही. टेम्पोचं डिझेल वाया घालवू नकोस.

तू विसरला असशील म्हणून सांगते. रस्ता रुंद करायला काढला आणि हायवेवरचं अप्पांचं बॅटरी-डायनॅमो दुरुस्तीचं दुकान पाडायचं ठरलं, तेव्हा तुला फोन मीच केला होता. अप्पांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तू म्हणालास, "डायनॅमो-बिनॅमो कुणाला हवे असतील त्याला दे, बाकी भंगारात घाल." मी म्हणाले, आणि ट्रॅक? तू हसलास. "त्या फळकुटाचं काय करायचंय? चुलीत घाल." हे तुझे शब्द, मी पदरचं काही घातलेलं नाही. मग मी एक हातगाडा बोलावला आणि ते फळकूट भर उन्हात हायवेवरून माझ्या घरी आणलं. वाटेत एक जण विचारत होता, "बाई, नवी खाट घेतली व्हय?" मी म्हणाले, व्हय, लई मोठी घेतली.

तेव्हापासून ट्रॅक माझ्या शिवणाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. त्यावर मी ब्लाउजांचे कागदी बेत अडकवायचे. मागच्या महिन्यात शेजारच्या शरिफाबीची नात युसरा आजीबरोबर आली होती. शरिफाबीचं माप घेईपर्यंत पोरगी खोलीभर हिंडत होती. कागद बाजूला सारून तिनं खाचेत बोट फिरवायला सुरुवात केली. पार खालपर्यंत, वळण घेऊन परत वर. म्हणाली, "काकू, ही नाली कशाची?" मी सांगितलं, मोटारींची. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी आहे, त्यातून वीज येते, गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते आणि गाडी पळते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग चालवा की."

एवढंच. "मग चालवा की." मला इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

आता ट्रॅक माझ्या कापड बेतायच्या टेबलावर आडवा पडलाय आणि मी जमिनीवर बसून कापड बेततेय. एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. तांबं काळं पडलंय. मी तो दुरुस्त करणार आहे, आणि तो इथल्या पोरांसाठी इथंच राहणार आहे.

वहिनीला नमस्कार. गुडघे कसे आहेत तिचे?

अनसूया


उमरगा
९ फेब्रुवारी २०२६

गुरुअण्णा,

पत्राला उत्तर पत्रानं देतात. तू व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवल्यास. असो. त्या मी इथं उतरवून काढते, म्हणजे नंतर तू "असं म्हणालोच नव्हतो" म्हणायला नको. "अप्पांनी तो ट्रॅक माझ्यासाठी केला होता. तुला त्यातलं काय कळतं? तू तर कधी खेळलीही नाहीस. हट्ट सोड."

एकेक घेऊ.

तुझ्यासाठी केला होता? हैदराबादला निघालेल्या त्या बड्या घरच्या लोकांची गाडी अप्पांच्या दुकानासमोर बंद पडली, त्यांच्या पोराकडं परदेशातून आणलेला खोका होता, आणि कंटाळून त्यानं तो ट्रॅक दुकानाच्या फरशीवर जोडला. तू तेव्हा शाळेत होतास. मी होते तिथं, जेवणाचा डबा घेऊन गेले होते. अप्पा डायनॅमो खोलायचा सोडून त्या गाड्यांपुढं उकिडवे बसले होते. ते लोक ओरडत होते, "मिस्त्री, जल्दी करो," आणि आपला चाळिशीतला बाप हातात पाना धरून नुसता बघत होता. ते बघून अप्पांनी प्लायवूडवर हा ट्रॅक केला तो स्वतःसाठी, अण्णा. तू निमित्त होतास.

दुसरं. मी कधी खेळले नाही. खरं आहे. पण का नाही खेळले?

तू आणि समोरच्या गल्लीतला धनाजी, तुमच्या दोघांच्या हातात मूठ असायची. बाभळीच्या लाकडाची, पितळी खटका असलेली. खटका जितका दाबाल तितकी गाडी जोरात. मी मूठ मागितली तेव्हा अप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीनं करंटला हात लावायचा न्हाय. तू वळणाला उभी ऱ्हा." दुकानातल्या खिडकीकडच्या वळणावर गाड्या उडायच्या, त्या उचलून परत खाचेत ठेवायला कुणीतरी हवं होतं. म्हणून मी. सुट्टीच्या सुट्ट्या मी त्या वळणावर काढल्या. तू पण म्हणायचास, "अनू, हात लावू नकोस, शॉक बसंल." मी इतकी घाबरले होते की घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळून दाबायचे. अव्वा, सख्खी आई असून, हसायची.

आता पुढचं नीट वाच. मागच्या आठवड्यात मी तांब्याच्या पट्ट्या साफ करायला घेतल्या. चिंचेच्या कोळात मीठ घालून, फडक्यानं, देवाची भांडी घासतात तशा. प्लायवूड ओलं होऊ नये म्हणून थोडं थोडं घासायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. मग इन्व्हर्टरची बॅटरी जोडली आणि अप्पांच्याच पद्धतीनं, बल्बला दोन वायरी लावून, पट्टीवर कुठं वीज येते आणि कुठं तुटते ते बघत गेले. वळणापर्यंत पोचले. बल्ब लखलखीत लागला. आणि मी तिथंच थांबले.

करंट पट्टीत होता, अण्णा. मुठीला तर लाकूड होतं. तुम्ही दोघं लाकूड धरून बसायचात आणि जिला करंटला हात लावायची बंदी होती, तिची बोटं दिवसभर उघड्या तांब्यावर. एकदासुद्धा काही झालं नाही, कारण बारा व्होल्टमध्ये होत नाहीच काही. अप्पांना हे माहीत नव्हतं? आयुष्यभर बॅटऱ्या हाताळणाऱ्या माणसाला?

मला राग आलाय. अप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी लिहितेय. मी हा ट्रॅक अप्पांची आठवण म्हणून दुरुस्त करत नाहीये. त्यांच्या त्या एका वाक्याच्या नाकावर टिच्चून करतेय.

शरिफाबी येऊन बघून गेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अनसूया, लोकांच्या लग्नाचे ब्लाउज पडून हायत आन तू फळी घासत बसलीस. येडी झाली काय गं?" मी म्हणाले, झाले. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि दुसऱ्या बाजूनं घासायला बसली.

अनसूया


उमरगा
१६ मार्च २०२६

गुरुअण्णा,

यावेळी तुझं काहीच आलं नाही. म्हणजे तू चिडला आहेस. लहानपणीही असाच, चिडलास की जेवणाचं ताट सरकवायचास. मी मात्र लिहिणार.

ट्रॅक चालू झाला.

वाळवीचा कोपरा कापून टाकला आणि माझ्या जुन्या टेबलाच्या फळीचा तुकडा तिथं बसवला. बेत घेऊन कापला, जसा ब्लाउजच्या बगलेत कापडाचा चौकडा लावतात तसा. खाच कोरायला सुताराला बोलावलं होतं, त्यानं दोनदा येतो म्हणून दांडी मारली. मग पटाशी आणली आणि मीच कोरली. माझी खाच अप्पांच्या खाचेइतकी गुळगुळीत नाही, गाडी तिथून जाताना जरा खडखडते. खडखडू दे.

अप्पांच्या चार गाड्यांपैकी दोनच धड आहेत, पत्र्याची हिरवी आणि ती लाल. मोटरी टेपरेकॉर्डरच्या, अजून फिरतात. गाडीच्या पोटाखाली तांब्याच्या तारेची वेणी असते ना, जी पट्टीवर घासत जाते, ती पार झडली होती. अप्पा ती कशी करायचे, आठवतं? तास तास लावायचे, तारा निसटायच्या आणि शिव्या द्यायचे. मी बारीक तार घेतली, तीन पेड केले आणि वेणी घातली. जन्मभर स्वतःची आणि इतरांच्या पोरींची वेणी घातलेली बाई मी, मला कितीसा वेळ लागणार. अप्पांनी तेव्हा मला विचारलं असतं तर त्यांच्या शिव्या वाचल्या असत्या.

रविवारी सकाळी गल्लीतली पोरं बोलावली. दारात चपलांचा ढीग झाला. हिरवी गाडी खाचेत ठेवली, मूठ हातात घेतली, आणि माझं बोट दाबेना.

विजेवरची शिलाई मशीन चालवते मी. माझे मालक गेल्यावर त्याच मशीनवर घर चालवलं. त्या वेळी तू मला म्हणाला होतास, "शिवणाचं दुकान बंद कर आणि पुण्याला ये, हिचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, घरात माणूस लागेल," आणि मी नाही म्हटलं, तेव्हाही मी अशी अडले नव्हते. तेव्हापासून आपलं बोलणं फोनवरच्या दोन शब्दांवर आलंय. तू सगळ्यांना सांगतोस की अनसूयेला मायेनं बोलावलं तर तिला ते पटलं नाही. अण्णा, तुला बहीण नको होती, वळणावर उभं राहायला कुणीतरी हवं होतं. मी नाही म्हटलं याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण त्या दिवशी छप्पन्न वर्षांची मी, बारा व्होल्टला घाबरून उभी होते. अप्पांचा आवाज कानात. युसरा माझ्या कोपराला हलवून म्हणाली, "काकू, दाबा की. काय होत न्हाय." मी दाबलं. गाडी निघाली. सरळ रस्त्यावर तिनं असा वेग घेतला की पोरं ओरडली. मला रडू आलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण शाईनं लिहून झालंय, खोडत नाही.

आणि ऐक. पहिल्या फेरीत माझी गाडी उडाली नाही. दुसऱ्या फेरीत नाही, तिसऱ्याही नाही. दुकानात खिडकीकडं असायचं ते वळण, तिथं बोट कधी उचलायचं ते मला पाठ आहे. इतक्या गाड्या तिथून उडताना बघितल्या आहेत मी. तुम्ही नुसते दाबत राहायचात.

मग नियम सांगितला. ज्याची गाडी पडेल त्यानं मूठ पुढच्याला द्यायची आणि वळणावर जाऊन उभं राहायचं, दुसऱ्या कुणाची पडेपर्यंत. पोरगा असो, पोरगी असो, मी असो. गाड्या ज्या क्रमानं पडल्या त्याच क्रमानं उचलायच्या, ओळख बघायची नाही. सगळ्यात आधी रामलिंगची पडली, कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा पोरगा, दहा वर्षांचा असेल. तो म्हणाला, "मी न्हाय उचलत. युसराला उभं करा, ती पोरगी हाय." मी म्हणाले, मग घरी जा. तो दारापर्यंत गेला. एका पायात चप्पल घातली. दुसरी हातात घेऊन उभा राहिला, आत बघत. लाल गाडी सर्रकन गेली तशी ती चप्पल टाकून परत आला आणि वळणावर उभा राहिला. फुरंगटून, पण उभा राहिला.

आता रोज संध्याकाळी पोरं येतात. शिवण मी सकाळी उरकते. ट्रॅक चाललाय, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

अनसूया


उमरगा
२० एप्रिल २०२६

गुरुअण्णा,

तुझा टेम्पो काल आला आणि रिकामा परत गेला. शंतनूनं तुला सांगितलं असेल, पण तो सौम्य माणूस, सगळं काही सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

दुपारी ऐन उन्हात दारात टेम्पो लागला. पुढं ड्रायव्हर, शंतनू, आणि मधे अक्षरा. नातीला पाठवलंस हे मात्र हुशारीचं केलंस. आत्या पोरीसमोर भांडणार नाही, असा हिशेब असेल. मी भांडलेच नाही. तिघांना माठातलं पाणी दिलं, आंब्याचं पन्हं दिलं. अक्षरा तुझ्यासारखी दिसते, हनुवटीपासून वर सगळी तूच.

शंतनू म्हणाला, "आत्या, बाबांनी प्लायवूडची पेटी पण बनवून दिलीय, ट्रॅकला ओरखडा येणार नाही." मी दार सताड उघडलं. म्हणाले, ने, शंतनू. ट्रॅक टेबलाला स्क्रूनं बसवलाय. स्क्रूड्रायव्हर तुझा तू आण, मी माझा देणार नाही. आज रविवार, आत्ता पोरं येतील. तू खोलत असशील तेव्हा ती इथंच उभी राहून बघतील, त्यांना मी बाहेर जा म्हणणार नाही. आणि कुणी विचारलं की काका काय करतायत, तर उत्तर तू द्यायचंस.

तो खाली बसला. पोरं आली. युसरानं नेहमीप्रमाणे पट्ट्या पुसल्या, रामलिंगनं बॅटरी जोडली. कुणीतरी अक्षराला विचारलं, "खेळती का?" ती बापाकडं न बघता उठली. तिची गाडी पहिल्याच वळणाला उडाली. युसरा म्हणाली, "तू पडली. वळणाला जा." शंतनू पुढं झाला, "राहू दे, ती पाहुणी आहे." तर अक्षरानंच त्याला गप्प केलं, "बाबा, नियम आहे." आणि जाऊन उभी राहिली. नंतर पाच वेळा पडली, पाच वेळा गेली. घामानं डबडबली होती. एवढी खूश झालेली पोरगी तुझ्या क्लब हाउसमध्ये तू पाहिलीस का, मला माहीत नाही.

तुझा ड्रायव्हर दारातून बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, आमचा नंबर लागंल का?" लागला. त्याचीही उडाली. चाळीस वर्षांचा मिशाळ माणूस वळणावर उभा राहून पोरांच्या गाड्या उचलत होता आणि पोरं त्याला रागवत होती, "ओ काका, लवकर!"

मग शंतनूनं तुला फोन लावला, माझ्यासमोर. तू काय बोललास ते ऐकू आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बाबा, माझ्या हातून हे होणार नाही. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही स्वतः या." फोन ठेवल्यावर त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी त्याला उवा झाल्या होत्या तेव्हा मीच काढल्या होत्या, आठवतं?

जाताना अक्षरानं मला विचारलं, "आत्याआजी, आजोबा लहानपणी कुठं उभे राहायचे?" मी म्हणाले, आजोबा स्टुलावर बसायचे. ती म्हणाली, "आणि गाडी पडली की?" मी म्हणाले, ते तू आजोबांनाच विचार.

विचारलं का तिनं?

अनसूया


उमरगा
१७ मे २०२६

गुरुअण्णा,

अखेर तुझं खरंखुरं पत्र आलं, पाकिटातलं. अक्षर अजून सुंदर आहे. सोबत कुरियरनं गुंडाळीही आली.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरले, कारण तू "चि. अनू" लिहिलं आहेस आणि अनू म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नाही. तू लिहितोस, "मी विचार केला. ट्रॅक तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडून तुला भेट समज. भावाच्या मनात आता काही नाही." किती छान वाटलं म्हणून सांगू. पदरानं डोळे पुसले, चहा ठेवला, आणि मग गुंडाळी उघडली.

फ्लेक्स. आठ फुटी. वर अप्पांचा फोटो, हार घातलेला. "कै. हणमंतप्पा यांच्या स्मरणार्थ मोटार ट्रॅक." खाली तुझा फोटो, कोटातला. "सौजन्य: श्री. गुरुप्रसाद हणमंतप्पा, पुणे. या ट्रॅकचे पहिले विजेते." आणि पत्रात पुढच्या पानावर, की अप्पांच्या पुण्यतिथीला मी येतो, फीत कापतो, दोन-चार पत्रकारांना सांगून ठेव, खुर्च्यांचं बघ, चहाफराळाचं बघ.

खुर्च्यांचं बघ! शरिफाबीला वाचून दाखवलं. तिनं फ्लेक्स जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "तुझा भाऊ दिसायला चांगला हाय गं. आन तुझं नाव कुठं लिवलंय?" मी म्हणाले, मागच्या बाजूला असंल. तिनं खरंच उलटून बघितलं.

तर आता माझं उत्तर.

भेट मी घेत नाही. देणारा देतो तेव्हा वस्तू त्याची असावी लागते. तू ती चुलीत घालायला सांगितलीस त्या दिवशी ती तुझी राहिली नाही. अप्पांनी मला दिली नाही, तू देऊ शकत नाहीस. मला हा ट्रॅक कुणी दिलेला नाही, अण्णा. मी तो घेतलाय. तुझ्या हातून नाही आणि अप्पांच्या हातूनही नाही. घासून, कोरून, वेणी घालून घेतलाय. त्यामुळं "मनात काही नाही" हे वाक्य तू परत घेतलंस तरी चालेल. माझ्या मनात अजून पुष्कळ आहे.

फ्लेक्सचं कापड चांगलं जाड आहे. उन्हाळ्यात खिडकीतून ऊन ट्रॅकवर येतं आणि प्लायवूड वाकतं. तिथं बांधून टाकलाय, कोरी बाजू आत. अप्पा आणि तू बाहेर गल्लीकडं तोंड करून आहात. येणारे-जाणारे बघतात. अपमान समजू नकोस, उपयोगच झालाय.

राहिलं "पहिले विजेते".

हे मी सांगणार नव्हते. तुझं ते एक सुख आहे, ते असू द्यावं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. पण तू ते आठ फुटांवर छापलंस, म्हणून सांगते. तुझी गाडी धनाजीपेक्षा जास्त पडायची. तू बोट उचलायचाच नाहीस, वळणावर आलास की उडालास. धनाजी सावकाश जायचा, त्याची कमी पडायची. तरी रोज तू जिंकायचास. कसा?

कारण तुझी गाडी मी पडायच्या आत झेलायचे. जमिनीला टेकू द्यायचे नाही. धनाजीची पडली की सावकाश वाकायचे, चाकाला लागलेला धागा काढायचे, मग ठेवायचे. दोन्ही एकदम उडाल्या तर तुझी आधी, आणि ठेवताना हातभर पुढं. धनाजी ओरडायचा, "ही भावाकडनं खेळती!" अप्पा म्हणायचे, "गप रे, ती कुठं खेळती?"

खरं आहे, मी कुठं खेळत होते. मूठ माझ्याकडं नव्हती, पण रोज संध्याकाळी कोण जिंकणार ते मी ठरवायचे. आणि रोज तुला ठरवायचे, कारण तू माझा भाऊ होतास आणि हरलास की ताट सरकवायचास, आणि तू उपाशी झोपलेला मला सहन व्हायचं नाही. असं प्रेम होतं माझं तुझ्यावर. अजूनही आहे, हे तुला सांगून टाकते. पण आता तू हरलास तर उपाशी झोप.

पुण्यतिथीला फीत नाही, पत्रकार नाहीत, खुर्च्या नाहीत. रोजच्यासारखी पोरं असतील. तुला यायचं असेल तर जरूर ये, माहेरपणाला आल्यासारखा राहा, धपाटे करीन. खेळायचं असेल तर नंबर लाव. मूठ हातात येईल. तुझी गाडी पडेल, सगळ्यांचीच पडते. तेव्हा वळणावर कुणातरी दुसऱ्याचं पोर उभं असेल, आणि ते तुला ओळखत नसेल.

अनसूया